ती जागा रिकामी नाही : आमच्या लेआउटच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमची गृहनिर्माण सहकारी संस्था, नागपूर.

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी सकाळी फाटकाजवळच्या फलकावर तुमची सूचना लागली. ‘संस्थेच्या मोकळ्या भूखंडावरील रिकाम्या जागेत गट्टू बसवून वाहनतळ करण्यात येत आहे. पोळ्यानंतर काम सुरू होईल. रहिवाशांनी सहकार्य करावे.’ गट्टू म्हणजे जमिनीवर बसवायचे सिमेंटचे ठोकळे. आणि त्या ‘रिकाम्या’ जागेत सात वर्षांपासून लेआउटमधली मुलं आणि मी बाग करतो. दुपारी कंत्राटदाराची दोन माणसं चुन्याची पिशवी घेऊन आली आणि आखणी करून गेली. संध्याकाळी मी मशीनवर बसले होते, तेवढ्यात मुलं धावत दारात आली. “काकू, कोणीतरी आपल्या हळदीवर पांढरी रेघ मारली.”

मी जाऊन पाहिलं. रेघ हळदीच्या वाफ्यावरून निघून चवळीच्या मांडवाखालून गेली होती आणि संत्र्याच्या खोडापासून हातभर अंतरावर वळली होती. हळदीच्या पानांवर चुना सांडला होता. सहावीतली एक मुलगी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत बसली होती. तिनं मला काही विचारलं नाही. बाकीच्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. चारचौघांत लिहिते आहे, कारण जुलैमध्ये सचिवांच्या हातात दिलेल्या अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही. शिवाय अशा मोकळ्या जागा आणि त्यांच्यावर पडणारे गट्टू नागपुरात प्रत्येक लेआउटमध्ये दिसतात. संस्थेचं किंवा कुणाचंही नाव मी इथे घेत नाही. आपल्याला रोज एकाच गल्लीतून जायचं आहे आणि माझं भांडण निर्णयाशी आहे.

माझा या जागेशी संबंध काय, ते आधी सांगते. माझं माहेर काटोल तालुक्यातलं. वडिलांचं चार एकर वावर, सगळं संत्र्याचं. पहिल्यांदा कोळशी आली, पानं, फळं सगळी काळी पडली. त्यातून सावरतो तोवर डिंक्या लागला, झाडांच्या बुंध्यातून डिंक गळायचा आणि झाड वरून वाळत यायचं. मग विहिरीचं पाणी खाली गेलं. बाग तोडली तेव्हा मी बारा वर्षांची होते. लाकडं बंडीत भरून नेताना वडील धुऱ्यावर पाठ करून उभे राहिले होते, ते अजून डोळ्यांपुढे येतं. लग्न होऊन मी या लेआउटमध्ये आले त्याला एकोणीस वर्षं झाली. घरी शिवणकाम करते. सात वर्षांपूर्वीपर्यंत हातात माती घेण्याचा प्रसंग आला तो फक्त तुळशीपुरता.

सात वर्षांपूर्वी ती मोकळी जागा कशी होती हे तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल. घरं बांधून उरलेला मलबा, फुटक्या फरशा, कमरेएवढं गाजरगवत. माझी दोन मुलं आणि शेजारची तीन, एवढ्यांना घेऊन मी एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. गाजरगवत फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटलं. मलबा वेचून अकरा ठेले बाहेर काढला. पुढे लेआउटमधला कडुनिंबाचा जो पाला फाटकाबाहेर ढीग करून जाळला जायचा, तो आम्ही जाळीच्या पिंजऱ्यात कुजवायला घेतला. त्या पाल्याचा धूर बंद झाला, याबद्दल तुमच्यातल्याच एका ज्येष्ठ सदस्यांनी तेव्हा मुलांना शाबासकी दिली होती. आज तीस बाय चाळीस फुटांच्या त्या तुकड्यावर चार वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची सतरा मुलं येतात. रविवारी सकाळी सगळी असतात आणि रोज संध्याकाळी पाळीप्रमाणे दोघं-तिघं.

या सात वर्षांत मला काय मिळालं हे मोजून सांगणं कठीण आहे. एकच प्रसंग सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या महिन्यात माझ्या सासूबाई गेल्या. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. आजीला शेवटचं पाहणंसुद्धा झालं नाही. ती रडली नाही आणि पुढे बरेच दिवस बोललीही नाही. आजीनं बागेच्या कोपऱ्यात मोगरा लावला होता. पहाटे साडेपाचला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, आम्ही दोघी त्याला पाणी घालायला जायचो. उन्हाळा चढत होता आणि मोगऱ्याला कळ्या धरत होत्या. एक दिवस पाणी घालता घालता ती म्हणाली, “आजी सांगायची, फूल तोडल्यावर झाडाला पाणी द्यायचं.” तेवढंच बोलली, पण त्या दिवसापासून बोलायला लागली. मी डॉक्टर नाही, शिक्षिका नाही. पण ती जागा नसती तर माझ्या मुलीला त्या महिन्यातून बाहेर कसं काढलं असतं, मला ठाऊक नाही. तुमच्या सूचनेत त्या कोपऱ्याला ‘रिकामी जागा’ म्हटलं आहे.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार त्या शब्दाबद्दल आहे. तिथे काय आहे ते तुम्ही पाहून लिहिलं असतं तर तो शब्द आला नसता. आज, ऑगस्टमध्ये, तिथे हळद आहे. तिचं बेणं वर्धा जिल्ह्यातल्या वायगावकडून एका शेजाऱ्यांनी आणून दिलं. मृगात लावली, पानं पिवळी पडून वाळली की माघात निघेल. भिवापुरी मिरची आहे. त्या हळदीला आणि या मिरचीला, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि सातवी-आठवीची मुलं ते पुस्तकात वाचायच्या आधी हातानं ओळखायला शिकली. अंबाडी आहे, भेंडी, चवळी, दोडके आहेत, सांबार म्हणजे कोथिंबीर आहे. एक मुलगा चार वर्षं घरात एकही पालेभाजी खात नव्हता, असं त्याच्या आईनं मला सांगितलं होतं. त्यानं स्वतः खुडलेली अंबाडी घरी नेली, लसणाची फोडणी घालून करायला लावली आणि भाकरीबरोबर दोनदा वाढून घेतली. आता तो मुलगा घरी विचारतो, “आज भाजी कोणती आणू?”

आणि संत्रं आहे. त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या. आपण स्वतःला संत्रानगरीचे म्हणवतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अमरावती रोडवर देशाची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे. आणि आपल्या लेआउटमधल्या एकाही मुलानं संत्र्याचं फूल पाहिलेलं नव्हतं. त्यांना संत्रं माहीत होतं ते ठेल्यावरचं. मी एक कलम आणलं. मुलांना खोडावरचा डोळा भरलेला जोड दाखवला. खाली खुंट जंबेरी नावाच्या लिंबाचा, वर फांदी संत्र्याची. जोडाच्या खाली फूट आली की ती का काढायची, हे त्यांना एका वर्षात कळलं, कारण एकदा आम्ही सगळे सुट्टीत गावाला गेलो आणि परत आलो तर खालची काटेरी फूट कलमापेक्षा उंच झाली होती. पाच वर्षं त्या झाडानं फळ दिलं नाही. पाच वर्षं मुलं विचारत राहिली आणि मी सांगत राहिले की थांबा. यंदा जानेवारीच्या शेवटी आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, फुटला. पहिल्या दिवशी फुलं दिसायच्या आधी वास आला. मुलं दप्तरं तशीच पाठीवर ठेवून झाडाखाली उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. मला माझ्या वडिलांची बाग आठवली. तीस वर्षांनी मी तो वास घेतला.

आता त्या झाडावर हिरवी फळं आहेत. पावसाळ्यात फळगळ होते, म्हणून मुलं रोज मोजतात आणि कंपोस्टच्या पिंजऱ्यावर लावलेल्या पाटीवर आकडा लिहितात. रेघ मारली त्या दिवशी आकडा एक्केचाळीस होता. नोव्हेंबरमध्ये ती पिकतील.

दुसरी तक्रार विचारण्याची. हा निर्णय कार्यकारिणीच्या बैठकीत झाला, सभासदांपुढे आला नाही. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे. मग सभेच्या दोन-चार आठवडे आधी एवढी घाई कशासाठी? लेआउट मंजूर होताना मोकळी जागा सोडावी लागते ती सगळ्यांनी वापरायची जागा म्हणून. आजच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतसुद्धा ०.४० हेक्टर आणि त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवायला सांगितली आहे. मुलांचं खेळणं, वाढणं, माती चिवडणं त्यात बसतं. गाड्या उभ्या करणं त्यात कसं बसतं, ते मला लेखी समजावून सांगा.

तिसरी तक्रार मातीची. ही गोष्ट तुमच्यापैकी ज्यांनी घर बांधलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. आपली माती काळी. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. मागच्या मे महिन्यात मुलांनी भेगेत विणकामाची सुई घालून पाहिली तर ती मुठीपर्यंत आत गेली. मृगाच्या पहिल्या दोन सरींत त्या भेगा बुजल्या, तेही त्यांनी पाहिलं. अशा मातीवर नुसते गट्टू ठेवले तर दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात. म्हणून कंत्राटदार काय करणार? फूट-दीड फूट काळी माती काढणार, मुरूम भरून दाबणार, वर चुरी आणि मग गट्टू. म्हणजे सात वर्षांचा पाला, शेणखत, गांडुळं आणि मुलांनी वेचून काढलेल्या खड्यांनंतर उरलेली भुसभुशीत माती ट्रकमध्ये भरून जाणार. पुढे कधी तुमचं मत बदललं आणि गट्टू काढले, तरी खाली मुरूमच मिळेल.

याच मातीबद्दल अजून एक. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी लोकांच्या घरांत शिरलं. आपली गल्ली उंचावर असल्यानं आपण वाचलो, पण पाणी आपल्याही पायऱ्यांना लागलं होतं. बागेनं आपल्याला वाचवलं असं मी म्हणणार नाही. मी एवढंच पाहिलं की डांबरी रस्त्यावरचं पाणी मिळेल त्या उताराला धावत होतं आणि बागेतलं पाणी तिथेच थांबून दोन दिवसांत जिरलं. काळी माती सावकाश पिते, पण पिते. तिच्यावर मुरूम दाबून गट्टू बसवले की ते पाणी कुणाच्या तरी दाराशी जाणार. उताराला कुणाची घरं आहेत हे तुम्हाला माहीत आहे.

आणि ऊन. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. नवतप्यात, मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी चारला गट्टूवर अनवाणी पाय ठेवून पाहा आणि मग कडुनिंबाखालच्या पाल्यावर ठेवून पाहा. बाकी मी काही सांगत नाही.

चौथी तक्रार कडुनिंबाची. तो आपल्यापैकी बऱ्याच घरांपेक्षा जुना आहे. आखणीत तो ‘ठेवला’ आहे असं मला तोंडी सांगितलं. पण चुन्याची रेघ खोडाला टेकून गेली आहे. बुंध्यापर्यंत सिमेंट गेल्यावर मुळांना हवा आणि पाणी कुठून मिळणार? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिल्लीच्या बाबतीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, तो याचमुळे. आणि आपल्या राज्यातल्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड ‘तोडणे’ या शब्दात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही धरलं आहे. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतली असेल तर ती फलकावर लावा.

पाचवी तक्रार नळाची. एप्रिलमध्ये पाण्याची नासाडी होते म्हणून तुम्ही बागेचा नळ बंद केला. तेव्हा मी गप्प बसले. मुलांनी घरोघरचं कूलरचं उरलेलं पाणी बादल्यांनी आणलं. मोगऱ्याच्या पानांच्या कडा जळाल्या, तेव्हा कळलं की कूलरच्या टाकीत पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. मग अर्धं ताजं पाणी मिसळायला लागलो. मुलांनी गळके, जुने माठ गोळा केले, ते गळ्यापर्यंत झाडांच्या बाजूला पुरले आणि वर झाकण्या ठेवल्या. माठातून पाणी पाझरत मुळाशी जातं, वर एक थेंब वाया जात नाही. दर तिसऱ्या दिवशी माठ भरायचे, एवढ्यावर आम्ही संत्रं आणि मोगरा मे महिन्यातून पार केला. ज्या मुलांवर नासाडीचा ठपका ठेवला, त्यांनी पाणी वाचवण्याची एक जुनी रीत या लेआउटमध्ये आणली. नळ मात्र अजून बंद आहे.

सहावी, साप आणि डासांची. बैठकीत असं बोललं गेलं म्हणे की बागेमुळे साप निघतात आणि डेंग्यू होतो. सात वर्षांत एकदा धामण निघाली. बिनविषारी साप, उंदरांच्या मागे आली होती. मुलं शिकवल्याप्रमाणे मागे सरकली, मोठ्यांना बोलावलं, सर्पमित्र येऊन घेऊन गेले. पायात बूट घातल्याशिवाय कुणीही वाफ्यात उतरत नाही, हा आमचा नियम आहे. आणि डेंग्यूचा डास मातीत होत नाही, तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. गच्चीवरचे टायर, न उपसलेले कूलर, कुंड्यांखालच्या बशा. म्हणूनच आमच्या माठांवर झाकण्या आहेत. मुलांनी मागच्या वर्षी घरोघर जाऊन आठवड्यातून एकदा कूलर रिकामा करायला सांगितलं होतं. तुमच्याही घरी आली होती.

एका मुलाबद्दल लिहायचं राहिलं. तो चौथीत आहे. शाळेतून त्याची रोज तक्रार येते की एका जागी बसत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याला गोडलिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली. पुसायला गेला तर ती हलली. लिंबाच्या फुलपाखराची अळी होती. फवारा मारूया, झाड खाऊन टाकेल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, झाड मोठं आहे, आधी आपण पाहू. तो दोन आठवडे रोज आला. अळी हिरवी झाली, जाडजूड झाली. काडीनं हळूच डिवचलं की डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढायची आणि त्याला उग्र वास यायचा. तो वास त्यानं सगळ्या लेआउटला हुंगायला लावला. मग एका सकाळी ती फांदीला रेशमाचा एक धागा कमरेभोवती बांधून टेकून बसली होती आणि संध्याकाळपर्यंत तिचा कोष झाला. त्या कोषासमोर तो मुलगा नऊ दिवस, रोज सकाळी शाळेआधी, अर्धा अर्धा तास बसला. त्याची आई मला म्हणाली, हा बसू शकतो हे मला माहीतच नव्हतं. फुलपाखरू निघालं ते ओलं होतं, पंख चुरगळलेले होते. त्याला वाटलं ते आजारी आहे. तासाभरानं पंख ताठ झाले आणि ते उडालं. त्यानं वहीत लिहिलं आहे, ‘७ वाजून ५० मिनिटांनी गेलं. मी शाळेत उशिरा गेलो. टीचर रागावल्या नाहीत.’ ती वही मी जपून ठेवली आहे. या लेआउटमध्ये तो मुलगा शांत बसतो अशी एकच जागा आहे आणि तिच्यावरून तुमची रेघ गेली आहे.

गाड्यांचा प्रश्न खरा आहे, हे मी मान्य करते. आम्ही आलो तेव्हा लेआउटमध्ये सात चारचाकी होत्या, आता तीसच्या वर आहेत. रस्त्यावर गाड्या लागतात, रात्री रुग्णवाहिका वळवता आली नाही, तो प्रसंग मीही पाहिला आहे. ज्यांच्या घरी आजारी माणसं आहेत त्यांची अडचण मला कळते. पण मोकळ्या भूखंडाची उत्तरेकडची पट्टी आजही मुरमाची आहे, तिथे झाड नाही, वाफा नाही. आम्ही टेपनं मोजली. दहा गाड्या तिरप्या लावल्या तर बसतात. ज्येष्ठांना चालायला चार फुटी गट्टूची वाट हवी असेल तर ती बागेच्या कडेनं करा, मुलं स्वतः कडेला झेंडू लावतील. हे सगळं जुलैमधल्या अर्जात नकाशासह दिलं होतं.

आता मागण्या.

१. सर्वसाधारण सभा होईपर्यंत गट्टूचं काम सुरू करू नका. विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्या आणि मतदान होऊ द्या. सभेनं बागेच्या विरोधात कौल दिला तर हळद काढण्यासाठी माघापर्यंत आणि संत्री पिकण्यासाठी नोव्हेंबरपर्यंत मुदत मागण्याचा हक्क मी राखून ठेवते.

२. तीस बाय चाळीस फुटांचा बागेचा तुकडा संस्थेच्या ठरावानं मुलांच्या बागेसाठी राखा. कार्यकारिणी बदलत राहते, दर वेळी मुलांनी धास्तीत राहू नये.

३. कडुनिंबाभोवती आणि संत्र्याभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवा.

४. नळ सुरू करा. त्याला मीटर लावा, बिल बागेच्या वर्गणीतून आम्ही भरू.

५. सभेत मुलांपैकी दोघांना पाच मिनिटं बोलू द्या. कोण बोलणार ते त्यांनी आपसांत ठरवलं आहे. मी काही लिहून देणार नाही.

६. या पत्राला पोळ्याच्या आधी लेखी उत्तर द्या. नाही असेल तर नाही लिहा, पण कारणासह.

मी वकील लावणार नाही, कुणाच्या गाडीसमोर आडवी पडणार नाही आणि मुलांना कुठल्याही फलकामागे उभं करणार नाही. त्यांना भांडण शिकवण्यासाठी मी बाग केलेली नाही. पण काम सुरू झालं तर पहिली कुदळ पडताना मी तिथे उभी असेन, आणि संस्थेच्या नोंदवहीत माझा विरोध नावानिशी लिहा, असा आग्रह धरेन.

तान्हा पोळा दर वर्षी आम्ही बागेतच करतो. शहरात मारबतींच्या मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्याच दिवशी संध्याकाळी मुलं आपापले लाकडी बैल घेऊन येतात, बैलांच्या गळ्यात झेंडूच्या आणि चवळीच्या शेंगांच्या माळा असतात. यंदाही पाच वाजता जमणार आहोत. कार्यकारिणीतल्या सगळ्यांना मुलांच्या वतीनं निमंत्रण आहे. येताना टेप घेऊन या, उत्तरेची पट्टी सगळ्यांसमोर मोजू. अध्यक्ष काका, तुमची नात आमच्याकडे गुरुवारची पाळी करते. तिचा वाफा डावीकडून तिसरा, भेंडीचा. तुम्ही अजून पाहिलेला नाही, असं ती म्हणत होती.

चुन्याची रेघ मुलांनी पुसलेली नाही. उत्तर येईपर्यंत हात लावायचा नाही, असं मी त्यांना सांगितलं आहे. परवाच्या पावसात ती अर्धी वाहून गेली आहे. दोन फळं गळाली. आज सकाळी पाटीवर एकोणचाळीस लिहिलं आहे.

आपली,
लेआउटमधली एक सभासद,
मुलांची शिवणवाली काकू